परळहून गिरगावला, विजेवर

परळहून गिरगावला जायला मला साडेचार महिने लागले.

अंतर म्हणाल तर काहीच नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून मलबार हिलची झाडं दिसतात, आणि गिरगाव त्या झाडांच्या पायथ्याशी. लॅबमधल्या मैत्रिणींबरोबर मी केरळ पाहिलं, सिक्कीम पाहिलं, एकदा थेट लेहपर्यंत जाऊन आले. पण "सांग ना गं, काय काय झालं" म्हणत चार जणी माझ्याभोवती बसल्या त्या या प्रवासानंतरच. त्यांना तोंडी सांगून झालं. ज्यांना सांगायचं राहिलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. बाबा तीस वर्षं लालबागच्या गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडली, चाळ पाडली, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्हाला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. गिरणीतून बाबांनी बरोबर आणली ती छातीत बसलेली कापसाची धूळ. गेली चार वर्षं हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं एक यंत्र त्यांच्या खाटेशेजारी गुरगुरत असतं. नळी नाकाला, यंत्र भिंतीतल्या प्लगला. बाहेर जायचं तर चाकांवरचं छोटं सिलिंडर, ते जेमतेम दोन तास पुरतं.

गिरगावात राहतात गणूकाका, म्हणजे गणपत सावंत. बाबांच्याच गिरणीत कापड विणायचे, आणि चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. चाळ पाडली तेव्हा ते मुलीकडे, सुलभाकडे, गेले. वाडीतली जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून काकाही खाली उतरलेले नाहीत. रोज दुपारी चारला दोघांचा फोन. एकाला दम पुरत नाही, दुसऱ्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे तो दोन मिनिटांत संपायचा.

मागच्या वर्षी एकदा आम्ही टॅक्सीने निघालो होतो. लॅमिंग्टन रोडवर गाड्या अशा अडकल्या की सिलिंडरचा काटा लाल पट्टीवर आला. गिरगाव समोर दिसत असताना मी टॅक्सी वळवायला सांगितली.

त्यानंतर एका दुपारी फोनवर गणूकाकांचा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू आला. "यशवंता, तुझो आवाज थोडोफार आयकतंय, पण तोंड इसारलंय रे."

फोन ठेवून बाबा त्या गुरगुरणाऱ्या यंत्राकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी हे लॅबमध्ये सांगितलं. वंदना म्हणाली, "माझ्या दिराने विजेची गाडी घेतलीय. गावाला लाइट गेली की त्या गाडीवर मिक्सर लावून चटणी वाटतात."

माझा घास हातातच राहिला. गाडीवर मिक्सर चालतो, तर गाडीवर बाबांचं यंत्र का चालू नये?

दादर

पहिल्या शोरूममध्ये मला पाणी दिलं आणि विचारलं, "सर येतायत ना मागून?" मी म्हटलं, कोणी सर येत नाहीत, मी आलेय. मग त्यांनी मला सीटच्या शिलाईचे रंग दाखवले. गाडीतून वीज बाहेर काढता येते का विचारलं तर म्हणाले, मोबाइल चार्ज होतो मॅडम.

दुसऱ्या शोरूममध्ये नेहा नावाची मुलगी भेटली. सांगायला सुरुवात केल्यावर तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मला गाडीच्या पुढच्या बाजूला नेलं. जिथून गाडीत वीज भरतात ते झाकण उघडलं, त्यात एक जाडजूड जोड बसवला. त्याच्या दुसऱ्या टोकाला घरातल्यासारखा साधा प्लग होता. तिने ऑफिसातली पाण्याची किटली आणून त्याला लावली.

पाणी उकळायला लागलं. गाडी तशीच शांत उभी. इंजिन नाही, थरथर नाही, मागे धूर नाही. नेहाने कागदी कपात पुडीचा चहा करून माझ्या हातात दिला. चहा साधाच होता, साखर जास्त. पण मी तो गाडीकडे बघत बघत प्यायले. आयुष्यभर गाड्यांनी माझ्या तोंडावर धूर सोडलेला. गाडीने केलेला चहा मी पहिल्यांदाच पीत होते.

"ऑक्सिजनचं मशीन चालेल?" मी विचारलं.

नेहाने ओठ चावला. "चालायला पाहिजे मॅडम. पण मी बघितलेलं नाही, म्हणून हो म्हणणार नाही. तुम्ही आणाल मशीन?"

त्या एका वाक्यावर मी गाडी तिथेच घ्यायची ठरवली.

बाबांना चार तास जुन्या मोठ्या सिलिंडरवर ठेवून, शेजारच्या वहिनींना त्यांच्याजवळ बसवून, मी यंत्र टॅक्सीत घालून दादरला नेलं. शोरूममधली माणसं जमली. प्लग लावला. यंत्राने नेहमीची शिटी दिली, आणि घरात करतं तसं गुरगुरायला लागलं. आम्ही ते तासभर चालू ठेवलं. तासानंतर नेहाने पडद्यावरचा बॅटरीचा आकडा दाखवला. एकच टक्का उतरला होता.

मी हिशेब करू लागले आणि मधेच सोडून दिला. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या लाल पट्टीपर्यंत यायला या आकड्याला दिवस लागले असते.

मग गाडी चालवून बघायची. ड्रायव्हिंग मी चाळिशीत शिकले होते आणि तेव्हापासून गावी राहणाऱ्या भावाची गाडी गणपतीच्या सुट्टीत चालवत आले होते. बटण दाबलं. मी वाट बघत राहिले. नेहा म्हणाली, "चला ना मॅडम." मी म्हटलं, "अगं, सुरू तर होऊ दे." ती हसली. "झालीय."

परळच्या उड्डाणपुलावर चढलो. उतारावर मी पाय काढला तसा पडद्यावर एक हिरवा बाण उलटा फिरला. उतरताना गाडी वीज बनवून परत बॅटरीत टाकते, नेहा म्हणाली. घरी येऊन मी हे बाबांना मोठ्या नवलाने सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, आनंद झाला. नळी सारखी करत, मध्ये मध्ये थांबत ते म्हणाले, "मोटारीला वीज दिली... की ती फिरते. तिला फिरवलं... की ती वीज देते. दोन वस्तू नाहीत त्या, सुमन. एकच आहे." मग थोडं थांबून, "रंग कुठला घेतेस?"

"तुम्ही सांगा."

"पांढरा नको. हॉस्पिटलची वाटते."

निळी बुक केली.

परळ, आमच्या इमारतीचं आवार

गाडी यायला वेळ होता. तोवर घराखाली चार्जर बसवायचा होता आणि त्यासाठी सोसायटीचं पत्र हवं होतं. चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या गाड्यांच्या जागांपैकी एक आमच्या वाट्याला आली होती. इतकी वर्षं तिथे पोरं क्रिकेट खेळायची.

सेक्रेटरी राणेकाका. तेही जुन्या चाळीतलेच. अर्ज वाचून त्यांनी घडी घातली आणि मला परत दिला. "नाय जमणार सुमन. खाली बॅटरी पेटली तर बावीस मजले वर आहेत. जबाबदार कोण?"

मीटिंग झाली. कोणी मोबाइलवर पेटलेल्या स्कूटरचे व्हिडिओ दाखवले. कोणी म्हणालं, आज हिला दिलं तर उद्या सगळे मागतील. कायदा तुमच्या बाजूने आहे, असं मला दोघांनी कानात सांगितलं. पण ज्यांच्या घरची भाजी मी लहानपणापासून खाल्ली त्यांना कायदा दाखवायला माझी जीभ उचलेना. शिवाय राणेकाकांच्या उजव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत आक्रसलेली आहे. चाळीतला मीटरचा बोर्ड पेटला तेव्हा जिन्याखाली झोपलेल्या दोघांना ओढून काढताना ती भाजली होती. आगीची भीती त्यांना कोणाच्या व्हिडिओवरून आलेली नव्हती.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. सिलिंडर ढकलत, एकटेच. सगळे उठून उभे राहिले.

"राणे," खुर्चीवर बसून श्वास जमवत बाबा म्हणाले, "तुझी भीती खरी आहे. मला तार बघू दे. मीटरपासून चार्जरपर्यंत... प्रत्येक जोड मी बघतो. मला पटलं नाही... तर मीच काढायला लावीन."

राणेकाकांनी माझ्या हातातून अर्ज परत घेतला. "यशवंतभाऊ, तुम्ही बघणार असाल तर बसवून बघू. पण आधी ट्रायल. आणि मी समोर उभा राहणार."

गाडीच्या कंपनीकडून चार्जर बसवायला इरफान आला. चाळिशीचा, अबोल, नीटनेटका माणूस. त्याने मीटरच्या खोलीतून पाइपातून जाड केबल आणली, खांबावर टिफिनच्या डब्याएवढी पेटी बसवली. बाबा खुर्चीत बसून प्रत्येक स्क्रू बघत होते. राणेकाका वाळूची बादली आणि आग विझवायचं नळकांडं घेऊन उभे. इरफानने स्विच वर केला.

पेटीवर लाल दिवा लागला. लालच राहिला.

त्याने बंद केलं, पुन्हा सुरू केलं. लाल. त्याने कागद काढून दिव्याचा अर्थ बघितला. "अर्थिंग नहीं मिल रहा. जब तक नहीं मिलेगा, ये चार्जिंग नहीं देगा."

"बघितलंस?" राणेकाका माझ्याकडे वळले. "मी पहिल्यापासून काय सांगत होतो? वस्तूच धोक्याची आहे."

मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "वस्तू बरोबर आहे राणे. ती काय सांगतेय ते ऐक."

बाबा मीटरच्या खोलीत कसे गेले ते मला अजून कळत नाही. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, इरफानच्या हातात सिलिंडर. त्यांनी होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब मागवला. इमारतीच्या मुख्य बोर्डावर इरफानने बाबा सांगतील तशा वायरी टेकवल्या. एकदा बल्ब लख्ख पेटला. मग त्यातली एक वायर अर्थिंगच्या पट्टीला लावली. बल्बच्या तारेत निखाऱ्यासारखी बारीक लाली आली, आणि तेवढीच.

अर्थिंग म्हणजे काय हे मलाही तोवर धड माहीत नव्हतं. कुठे बिघाड झाला, गीझरच्या किंवा लिफ्टच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जावी यासाठी ठेवलेली वाट. आमच्या इमारतीत ती वाट नव्हती. कधीपासून नव्हती, कोणास ठाऊक. पंप, लिफ्ट, प्रत्येक घरातला गीझर, वॉशिंग मशीन, सगळं तसंच चाललं होतं.

बाबांनी विचारलं, "इमारतीत कुणाला... नळाला हात लावला की झिणझिण्या येतात?"

राणेकाकांचा चेहरा उतरला. "तिसऱ्या मजल्यावर बायका म्हणत होत्या. माझी सूनपण म्हणाली. आम्ही हसलो तिला." त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि पायरीवर बसले. त्यांच्या घरात दोन वर्षांची नात आहे. रोज सकाळी तिला त्याच नळाखाली आंघोळ घालतात.

वरच्या सगळ्या घरांत निरोप गेला की गीझर बंद करा. मग अर्थिंगचा खड्डा शोधायला सुरुवात झाली. तो इमारतीच्या मागे असायला हवा होता, पण तिथे दोन वर्षांपूर्वी फरशा बसवल्या होत्या. बाबांनी भिंतीवरून उतरणाऱ्या पट्टीची रेघ डोळ्यांनी खाली आणली आणि बोटाने एक फरशी दाखवली. फरशी उचलली. पट्टी जमिनीत शिरायच्या आधी वीतभर कापलेली होती. फरशी नीट बसावी म्हणून कोणीतरी ती सहज कापून टाकली होती.

पुढचे दोन दिवस आमच्या मागच्या अंगणात जे चाललं ते मी कुठल्याही प्रवासात पाहिलेलं नाही. नवा खड्डा पुरुषभर खोल खणला. बाबांनी लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा आणि खडे मीठ मागवलं. राणेकाका स्वतः टेम्पोत बसून घेऊन आले. खड्ड्यात लांब पाइप उभा केला. त्याच्याभोवती एक थर कोळशाचा, एक मिठाचा, पुन्हा कोळशाचा. वरून पाणी. बायका गॅलऱ्यांतून बघत होत्या. कोणी खाली सरबत पाठवलं, कोणी भजी. बाबा छत्रीखाली खुर्चीत बसून हाताने खुणा करत होते आणि इरफान खड्ड्यात उभा राहून त्या खुणा पाळत होता.

मी लॅबमध्ये दिवसभर नळ्यांत रक्त आणि रसायनं बघते. पण जमिनीला पाणी, मीठ आणि कोळसा देऊन तिला विजेशी बोलायला लावतात, हे मला माहीत नव्हतं.

इरफानने आपलं मोजायचं यंत्र लावलं. आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. त्याने तो बघितला, पुन्हा यंत्र लावून बघितला, आणि बाबांना दाखवला. "चाचा, एक से भी नीचे है."

बाबांनी मान हलवली आणि डोळे मिटले. ओठ निळसर झाले होते. खुर्चीसकट त्यांना वर नेलं. राणेकाकांनी एक बाजू धरली होती, ती भाजलेल्या हाताने. डॉक्टरांनी तीन आठवडे घराबाहेर पडायची बंदी केली. रोज दुपारी चारला फोन वाजायचा. बाबा नुसता "हं" म्हणायचे, पलीकडून गणूकाका "आयकतंय, आयकतंय" म्हणायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. गाडीपायी मी त्यांना घालवून बसते की काय, ही भीती मी कोणाला बोलून दाखवली नाही.

पहिली सकाळ

गाडी आली तोवर बाबा खाली येण्याइतके परत उभे राहिले होते. नेहा स्वतः घेऊन आली. चार्जरच्या केबलच्या टोकाचा दांडा मी राणेकाकांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी लांब धरला, मग गाडीच्या तोंडात बसवला. आत कुठेतरी टक् असं वाजलं. पेटीवरचा दिवा पिवळा झाला, मग हिरवा.

बघण्यासारखं काही घडत नव्हतं. काही हलत नव्हतं, काही तापत नव्हतं. बाबांनी केबलवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवला. "गिरणीत एवढं काम करायचं म्हणजे... बॉयलर, चिमणी, कोळशाच्या वाघिणी," ते म्हणाले. "आणि हे बघ. कोमट आहे फक्त."

राणेकाकांनीही हात ठेवून बघितला. मग वाळूची बादली उचलून आपल्या जागी नेऊन ठेवली.

लालबागहून समुद्राखाली

डिसेंबरातला रविवार. सकाळी नऊला निघालो. सिलिंडर बाबांच्या पायाशी, यंत्र पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं. गाडी बाहेर वीज देते ती उभी असतानाच, म्हणून वाटेत सिलिंडर आणि थांबल्यावर यंत्र. आधी लालबागला थांबून गणूकाकांसाठी चिवडा घेतला, तिखट आणि पोह्यांचा दोन्ही. दुकानदाराने गाडीकडे बघून विचारलं, "बंद केलीत का ताई?" मी म्हटलं, चालू आहे. तो काउंटरवरून वाकून ऐकत राहिला.

गिरणीच्या जागी आता काचेची इमारत आहे. फाटकाचा एक दगडी खांब तेवढा ठेवला आहे, त्याच्याभोवती फुलझाडं लावून. बाबा म्हणाले, "हळू घे." मी घेतली. त्यांनी खांबाकडे नाही बघितलं. वर बघत होते, चिमणी असायची त्या आकाशाकडे. मग म्हणाले, "चल."

महालक्ष्मीवरून हाजीअलीला आलो आणि समुद्राकाठच्या नव्या रस्त्यावर शिरलो. उजवीकडे ओहोटीचा समुद्र, ओले खडक, त्यांवर बगळे. बाबा इतकी वर्षं चौदाव्या मजल्यावरून धुरकट निळी रेघ बघत आले होते. त्यांनी काच खाली करायला सांगितली. खारा वारा आत आला. पुढे रस्ता उतरायला लागला आणि आम्ही बोगद्यात शिरलो.

हा बोगदा मलबार हिलच्या पोटातून जातो, काही भाग समुद्राच्याही खालून. मी काचा वर केल्या. दिव्यांच्या रांगा मागे सरकू लागल्या. आणि मग मला एक बारीक आवाज ऐकू आला. फुस्स. थांबून, फुस्स. बाबांच्या नळीतून जाणारा ऑक्सिजन. चालत्या गाडीत, समुद्राखाली, मला माझ्या बापाचा श्वास ऐकू येत होता. मी तो मोजत नव्हते, त्याची काळजीही करत नव्हते. नुसता ऐकत होते. आरशात बघितलं तर बाबा छताकडे बघत होते, त्या छतावरच्या पाण्याकडे म्हणा.

"वर समुद्र आहे ना आता?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"माणसं काय काय करतात," ते म्हणाले.

उजेडात बाहेर पडलो तर समोर गिरगावची चौपाटी. घड्याळ बघितलं. घरून निघून पाऊण तासही झाला नव्हता, आणि त्यात चिवडा आला.

गिरगाव

वाडीत गाडी घालणं हे त्या बोगद्यापेक्षा अवघड निघालं. दोन्हीकडे स्कूटर, मध्ये मांजरं, आणि गाडी येतेय हे कोणाला कळेना. एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन मधोमध चालत होत्या. मी त्यांच्या मागे मागे, चालण्याच्या वेगाने. शेवटी त्यांनी वळून बघितलं. "अगो बाई! खाकरायचं तरी होतंस!"

आमच्या गिरणगावात खालून हाक मारली की चार मजले माणसं डोकावतात. इथे हाक मारावी लागली नाही. सुलभा खालीच उभी होती, आणि वाडीतली चार माणसं एक मोठी लाकडी खुर्ची घेऊन जिन्यातून उतरत होती. खुर्चीत गणूकाका. केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरलेले.

मी गाडी आंब्याच्या सावलीत लावली. पुढचं झाकण उघडून जोड बसवला, केबल पुढच्या दाराच्या काचेच्या फटीतून आत घेतली. यंत्राने शिटी दिली आणि गुरगुरायला लागलं. बाबांची नळी सिलिंडरवरून काढून यंत्राला लावली. आता घाई नव्हती. काकांना मागच्या सीटवर बाबांच्या शेजारी बसवलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"जय भीम, यशवंता," गणूकाका म्हणाले.

"राम राम," बाबा म्हणाले. एकाने दुसऱ्याचा नमस्कार घालायचा, ही दोघांची चाळीपासूनची पद्धत.

"म्हातारो झालंस रे."

"आणि तू काय... मुंडावळ्या बांधून आलायस?"

सुलभाने ताटल्या आणल्या. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. दोघांनी गाडीतच मांडीवर घेऊन खाल्लं. सीटवर सांडलं, मी सांडू दिलं. मग आम्ही दारं लावून घेतली, कारण वाडीत धूळ फार, आणि दोघी बाहेर कट्ट्यावर बसलो.

थोड्या वेळाने मी मान वळवली. काचेतून दोघं दिसत होते. बाबांचे ओठ हलत होते. भराभर, न थांबता. चार शब्दांनंतर ज्यांना दम लागतो त्या माझ्या बाबांचे. मी घाबरून उठले आणि दार थोडं उघडलं. आत यंत्राची गुरगुर तेवढी होती. आवाज नव्हता. बाबा बोलत होते, पण आवाज न काढता. आणि गणूकाका त्यांच्या ओठांकडे बघत मान हलवत होते, मग स्वतःचे ओठ हलवून उत्तर देत होते. मग दोघंही हसले. तेही बिनआवाजाचं.

मी दार लोटून परत आले. "सुलभा, हे काय करतायत?"

सुलभाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. "साच्यावरचं बोलणं. मागांच्या खडखडाटात तोंडाजवळ ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून गिरणीत सगळे असंच बोलायचे. तुझे बाबा मोटारी दुरुस्त करायला तिथे यायचे ना, तेही शिकले. आमचे बाबा घरीपण आईशी असं बोलायचे, आम्हाला कळू नये म्हणून. मी चोरून शिकले." ती थांबली. "किती वर्षांनी बघते."

फोनवर हे बोलणं जाऊच शकत नव्हतं. या बोलण्यात एकाला श्वास खर्चावा लागत नव्हता, दुसऱ्याला कान. लागत होता तो फक्त समोर चेहरा. मी एकावन्न वर्षं बाबांबरोबर राहिले. त्यांना ही भाषा येते हे मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी एकच्या आत घरी यायला बजावलं होतं. बारा वाजून गेले, साडेबारा झाले. मी उठले, पर्स खांद्याला लावली. तेवढ्यात गणूकाकांनी आतून काचेवर बोटाने टकटक केलं. माझ्याकडे बघून त्यांचे ओठ हलले. मला काही कळलं नाही.

मी सुलभाकडे बघितलं.

"अजून अर्धा तास म्हणतायत," ती म्हणाली.

मी वाकून पुढच्या काचेतून पडद्यावरचा आकडा बघितला. मग काचेतूनच काकांना दोन बोटं दाखवली, दोन अर्धे तास, आणि पर्स कट्ट्यावर ठेवून सुलभाशेजारी परत बसले.